परवाचं प्रकरण

१

शुक्रवारी सकाळी सव्वादहा वाजता आमच्या टायपिस्टनं लिफाफा कापला आणि त्यातून अकरा कोरे कागद निघाले.

कोरे म्हणजे अगदी कोरे. तिनं ते उलटसुलट करून पाहिले, मग लिफाफ्यात फुंकर मारून आत डोकावली. आत बोटभर रुंदीची एक चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'शेवटचं प्रकरण. परवा.' ना वर तारीख, ना खाली सही.

"अहो, हे काय?" असं म्हणून ती मटकन खुर्चीत बसली.

मी तिच्या समोरच्याच टेबलाशी बसते. मी मुद्रितशोधक. लोकांनी लिहिलेलं छापायच्या आधी वाचायचं आणि चुका काढायच्या, हे माझं काम. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते आहे, त्यामुळे स्वभाव जरा संशयी झालाय हे कबूल. घरचे म्हणतात, ही औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा लाल पेन घेऊन वाचते.

लिफाफ्यात असायला हवं होतं नानांच्या नव्या कादंबरीचं सतरावं, म्हणजे शेवटचं प्रकरण. नाना हे आमच्या प्रकाशनाचे सर्वांत जुने लेखक. रस्त्याच्या कडेला बसून लोकांची बटणं लावून देणारी एक बाई आणि तिनं सोडवलेली खुनांची कोडी, अशा वीस कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. वाचक तिला 'बटणवाली' म्हणतात. तिच्याकडे ना पिस्तूल, ना पोलिसांचा बिल्ला. सुईदोरा आणि चौकस नाक एवढ्या भांडवलावर ती नाहक अडकलेल्या माणसांना सोडवते, आणि सोडवून झाल्यावर त्यांच्याकडून बटणाचे पैसेसुद्धा विसरते. ही तिची एकविसावी कादंबरी. घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचा मालक चौथ्या प्रकरणात मारला जातो, मागे सात संशयित उरतात. सोळा प्रकरणं टाइप झाली होती. खुनी कोण, हे फक्त नानांना ठाऊक होतं.

गलबला ऐकून आमचे मालक केबिनमधून बाहेर आले. कोरे कागद पाहून त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"नानांनी काल मला फोनवर सांगितलंय, अकरा पानं स्वतः मोजून लिफाफ्यात घातली म्हणून! गेली कुठं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला पुन्हा लिहा म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? आणि नाही जमलं तर? मी महिनाभर म्हणतोय, नाना थकलेत, बटणवाली आता कुणा तरुण लेखकाकडे सोपवू. आता तेच करावं लागणार."

बटणवाली काढून घेणं म्हणजे नानांना जिवंतपणी भिंतीवर टांगणं. ते मालकांनाही कळत होतं, पण त्यांना छापखान्याची तारीख जास्त कळत होती.

त्यांनी चिठ्ठी उचलली, दोनदा वाचली आणि टायपिस्टकडे रोखून पाहिलं.

२

"बसा सगळे," मालक म्हणाले. सगळे म्हणजे मी, टायपिस्ट आणि मुखपृष्ठं काढणारा आमचा चित्रकार. तो रंगांच्या बाटल्या आवरता आवरता दारात थबकला होता.

"बुधवारी सकाळी नानांचे जावई हा लिफाफा घेऊन आले. मी स्वतः घेतला, आवक नोंदीचा शिक्का मारला आणि टायपिस्टच्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. ती बुधवार-गुरुवार रजेवर होती. आता चिठ्ठी बघा. 'परवा'. परवा म्हणजे बुधवार. पण बुधवारला परवा कोण म्हणेल? शुक्रवारी लिहिणारा माणूस! म्हणजे ही चिठ्ठी आज सकाळी लिहिली गेली. आज सकाळी या लिफाफ्याला एकाच माणसाचा हात लागला."

मालक अधूनमधून नानांच्या कादंबऱ्या वाचतात, त्याचा हा परिणाम. पण बिनतोड वाटत होतं खरं.

टायपिस्ट खुर्चीतून उठली. "अहो, मी कशाला असं करीन? एकोणीस वर्षं नानांचं अक्षर लावतेय मी."

"तेच म्हणतोय. चिठ्ठीचं अक्षर हुबेहूब नानांचं आहे. ते गिरवायला एकोणीस वर्षांचा सराव कुणाला आहे? आणि त्या दुसऱ्या प्रकाशकाचे तुला फोन येतात, हे काय मला माहीत नाही?"

"त्यांना मी कधीच नाही म्हणून सांगितलंय."

"सोमवारपर्यंत पानं टेबलावर पाहिजेत. नाहीतर मी तक्रार करणार, आणि तू दुसरीकडे काम बघ."

नेमके त्याच वेळी जावईबापू दारात उभे राहिले. नानांचा हा घरजावई. नोकरी नाही, धंदा नाही. सासऱ्यांची औषधं आणायची, कागदपत्रं पोचवायची, आणि जाता जाता कुणाच्या तरी टेबलावरचा पेला पाडायचा, एवढंच त्यांचं कर्तृत्व आम्हाला माहीत होतं. चित्रकार तर त्यांची नक्कल करून दाखवतो. आज त्यांच्या खांद्यावर कापडी पिशवी होती आणि ती त्यांनी छातीशी घट्ट धरली होती.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मालकांनी सांगितलं. अकरा पानं, नानांचा फोन, टायपिस्ट, सोमवार, सगळं. जावईबापू ऐकत राहिले. पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळला. "मी नंतर येतो," म्हणाले आणि आल्या पावली परत गेले. जाताना काही पाडलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

सगळे पांगल्यावर मी लिफाफा हातात घेतला. टायपिस्टला कात्रीनं लिफाफ्याची अरुंद बाजू कापायची सवय आहे, त्यामुळे चिकटवलेली झडप तशीच होती. मालकांचा गोल शिक्का अर्धा झडपेवर, अर्धा लिफाफ्यावर पडला होता. शिक्क्यातलं एक अक्षर दोन्हीकडे विभागलं होतं. झडप उघडून पुन्हा चिकटवली असती, तर ते अक्षर केसभर तरी सरकलं असतं. तुटकी अक्षरं पकडण्यात माझी हयात गेली. हे अक्षर सरकलं नव्हतं.

मालकांनी शिक्का मारल्यानंतर लिफाफा कुणी उघडलाच नव्हता.

३

हे मालकांना लगेच सांगावं असं कुणालाही वाटेल. मला वाटलं नाही. लिफाफा मालकांच्या हातात आला तेव्हा तो कोरा होता की शिक्का मारण्यापूर्वी त्यांनीच काही केलं, हे मला कुठं माहीत होतं? बटणवाली दुसऱ्याला द्यायची घाई त्यांनाच झाली होती. संशय घ्यायचाच तर पगार देणाऱ्यालाही सूट देऊ नये.

आधी मी टायपिस्टला जिन्यात गाठलं. ती डोळे पुसत होती.

"तुझी रजा कुणाकुणाला माहीत होती?"

"कुणालाच नाही हो, शोधकबाई. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन अचानक ठरलं. मंगळवारी रात्री मालकांना फोन केला तेवढाच."

"जावईबापूंना?"

"त्यांना कशाला सांगू? पण माणूस वाईट नाही हं. मागच्या पुस्तकाच्या वेळी शेवटचं प्रकरण द्यायला दोन दिवस उशीर झाला, तर कसे काकुळतीला आले होते. मालकांना कळू देऊ नका म्हणाले. मी नाही कळू दिलं."

मी हे मनात टिपून ठेवलं आणि चित्रकाराकडे गेले. तो ब्रश धूत होता, आणि तोच ब्रश तिसऱ्यांदा धूत होता.

"बुधवारी तू इथंच होतास ना?"

"होतो की. का? सगळे रंगवाल्यावरच घसरा!"

"अजून कुणी घसरलं नाही. तूच आधी पाय काढून घेतोयस."

त्यानं ब्रश ठेवला. "बाई, शपथेवर सांगतो, मी चोरलं नाही. पण खुनी कोण ते कळल्याशिवाय मी मुखपृष्ठ काढू कसं? कुणाचा चेहरा सावलीत ठेवू? मालक शेवटचं प्रकरण कधीच दाखवत नाहीत. बुधवारी त्यांनी जावईबापूंकडून लिफाफा घेतला, माझ्यासमोर लगेच शिक्का मारला आणि फोनवर बोलत बसले. लिफाफा टेबलावर. मी तो उचलला आणि खिडकीच्या काचेला लावला. ऊन कडक होतं."

"मग? दिसला खुनी?"

"कुठला! एक ओळ दिसली नाही. म्हटलं, नानांनी कागद जाड वापरलाय."

मी आत जाऊन नानांच्या सोळाव्या प्रकरणाची अकरा पानं आणली, तशाच तीन घड्या घातल्या, नव्या लिफाफ्यात सरकवली आणि लिफाफा खिडकीला लावला. वरच्या पानावरच्या निळ्या शाईच्या ओळी उन्हात लिफाफ्यातून दिसत होत्या.

चित्रकार काचेजवळ सरकला. "म्हणजे बुधवारीच कोरे होते?"

"बुधवारीच. आणि हे कुणाकडे बोललास, तर काचेची गोष्ट मी मालकांना सांगेन."

टायपिस्ट सुटली होती. मालकही सुटले, कारण लिफाफा जावईबापूंनी दिला आणि मालकांनी लगेच शिक्का मारला, हे चित्रकारानं डोळ्यांनी पाहिलं होतं. चोरी या इमारतीत झालीच नव्हती. पण मग नानांनी मोजलेली अकरा पानं कुठं गेली? आणि बुधवारी बंद झालेल्या लिफाफ्यात, बुधवारलाच 'परवा' म्हणणारी चिठ्ठी आली कुठून?

४

शनिवारी सकाळी मी या प्रश्नावर डोकं आपटत असताना जावईबापू आले. आज पिशवी नव्हती. ते सरळ मालकांच्या समोर जाऊन उभे राहिले.

"पानं मी चोरली," ते म्हणाले.

"गुरुवारी दुपारी आलो होतो. तुम्ही बाहेर गेला होता. तुमच्या टेबलावरची चावी घेतली, ड्रॉवर उघडला, लिफाफा सोडवला. पानं काढली, कोरी घातली, पुन्हा चिकटवला. पानं जाळून टाकली. या ताईंचा यात काही संबंध नाही."

"पण का?" मालकांचा आवाज चिरकला.

"सासऱ्यांचा राग." हे त्यांनी पाठ केल्यासारखं म्हटलं. "बावीस वर्षं घरजावई म्हणून राहतोय. लोक हसतात. एकदा तरी त्यांचं काहीतरी बिघडवावं असं वाटलं."

चित्रकार माझ्याकडे पाहायला लागला, मी त्याला डोळ्यांनी दटावलं. मालकांना मात्र एका क्षणात सगळं पटलं. नालायक माणसानं नालायक काम केलं, यात न पटण्यासारखं काय होतं?

"तुमचं काय करायचं ते नंतर बघतो," ते म्हणाले. "सोमवारी नानांना इथं घेऊन या. माझ्या केबिनमध्ये बसतील, माझ्यासमोर पुन्हा लिहितील. त्यांचीच गोष्ट आहे, दोन तासांत होईल. नाही झालं, तर बटणवालीचं काय ते मी ठरवीन."

चोरी कबूल करताना जो माणूस ताठ उभा होता, त्यानं हे ऐकल्यावर टेबलाची कड धरली.

"इथं नको," ते म्हणाले. "मालक, पाया पडतो. मला पोलिसांत द्या. पण नानांना इथं बसवू नका."

५

चोर पकडला गेल्यावर घाबरतो. हा माणूस शिक्षा मागून घेत होता आणि म्हाताऱ्या सासऱ्यानं चार पानं लिहिण्याला घाबरत होता. शिवाय शिक्क्याच्या हिशेबानं तो धडधडीत खोटं बोलत होता. खोटी कबुली माणूस एकाच कारणासाठी देतो. खरी त्याहून महाग पडणार असते.

मी माझं कपाट उघडलं. पुस्तक छापून होईपर्यंत हस्तलिखितं माझ्याकडे असतात. नानांची एकविसाव्या कादंबरीची सोळा प्रकरणं काढून टेबलावर पसरली.

नानांची पिढी शाळेत अनुस्वारांच्या पावसात भिजलेली. ते 'कांहीं' लिहितात, 'त्यानें' लिहितात, 'शेवटचें' लिहितात. ते टिंब खोडायचं काम माझं. एकेका पानावर माझे तीस-चाळीस लाल फराटे असतात. पहिलं प्रकरण लालेलाल होतं. पाचवं तसंच. अकरावं तसंच. बाराव्या प्रकरणापासून मात्र पानं स्वच्छ. अक्षर तेच, शाई तीच, पण 'काही', 'त्याने', आणि बोलण्यात 'शेवटचं'.

ही स्वच्छता मी आधीही पाहिली होती. मागच्या पुस्तकातही शेवटची चार प्रकरणं अशीच होती. तेव्हा मला वाटलं, नानांनी अखेर माझं ऐकलं. मी घरी जाऊन हे कौतुकानं सांगितलंसुद्धा. दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईनं स्वतःच्या मोठेपणापायी एवढी मोठी खूण वाचलीच नव्हती. मला माझीच लाज वाटली.

मी चिठ्ठी पुन्हा पाहिली. 'शेवटचं प्रकरण.' नानांनी टिंबाबरोबर मात्राही देऊन 'शेवटचें' लिहिलं असतं. हा हात त्यांचा नव्हता.

समोर टायपिस्ट फोनवर बहिणीशी बोलत होती. कालपासून पहिल्यांदाच तिच्या आवाजात जीव आला होता. "हो गं, पट्टी काढायला मी येते ना. आज नाही, उद्या नाही. परवा."

परवा! आपल्या भाषेत हा शब्द दोन्हीकडे तोंड करून उभा असतो. होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा. क्रियापद असलं की कळतं, 'परवा आलो' की 'परवा येतो'. चिठ्ठीत क्रियापदच नव्हतं. आम्ही ती शुक्रवारी वाचली, म्हणून आम्हाला तो बुधवार वाटला. लिहिणाऱ्यानं ती बुधवारी लिहिली होती. त्याचा परवा म्हणजे शुक्रवार.

'शेवटचं प्रकरण परवा देतो.' एवढाच निरोप होता तो, टायपिस्टसाठी. ती रजेवर असेल हे लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं. आणि शुक्रवारी, कबूल केल्याप्रमाणे, तो छातीशी पिशवी धरून आलाही होता.

६

संध्याकाळी पाचला मी नानांच्या घराची घंटी वाजवली. जावईबापूंनी दार उघडलं. हातात इस्त्री करायचा सदरा होता. मला पाहून त्यांचा चेहरा पडला, पण आतून नानांचा आवाज आला, "कोण आहे? शोधकबाई का? या, या!"

नाना खिडकीपाशी आरामखुर्चीत बसले होते. काय सुंदर बोलले! पहिलं पुस्तक छापताना अक्षरांचे खिळे कसे कमी पडले, पहिल्या मालकांनी त्यांना कसं जिन्यावरून परत पाठवलं, सगळं काल घडल्यासारखं. मग पुढं वाकून, डोळे मिचकावत म्हणाले, "या वेळचा खुनी ओळखलात का?"

"नाही बाई."

"घड्याळजी!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "त्यानंच केला. कुणाला संशयसुद्धा येणार नाही."

घड्याळजीचाच तर चौथ्या प्रकरणात खून झाला होता. नानांच्या मागे उभे असलेले जावईबापू माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत एवढी विनवणी होती की मी म्हणाले, "खरंच हो नाना, कुणाला संशय येणार नाही."

स्वयंपाकघरात मी विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली." ते ओट्याला टेकले. "सकाळी लिहायला बसतात, दुपारी सकाळचं विसरतात. आधी मी नुसतं विसरलेलं जोडून द्यायचो. मग प्रकरणंच लिहायला लागलो. बायकोला माहीत आहे, आणखी कुणाला नाही. या वेळी शेवटचं मात्र त्यांनी हट्टानं स्वतः लिहिलं, पानं मोजली, लिफाफ्यात घातली. मंगळवारी रात्री मी वाचलं, आणि..." त्यांनी हात झटकले. "बुधवारी लिफाफा दिला नसता तर मालकांना कारणच मिळालं असतं. म्हणून कोरे घातले. ताई समजून घेतील असं वाटलं. मागेही घेतलं होतं त्यांनी. दोन दिवसांत नवं लिहून काढलं."

"आणि शुक्रवारी द्यायला आलात."

"आलो तर मालक म्हणताहेत, नानांनी स्वतः अकरा पानं मोजली. तेव्हा पिशवीतून काढली असती, तर त्यांनी नानांनाच फोन लावला असता, की हे प्रकरण कुठलं? नाना म्हणाले असते, घड्याळजी. संपलं!"

"म्हणून चोर झालात?"

"मला कोण विचारतं हो? माझं नाव खराब व्हायला आधी असायला हवं." ते हसले. "चिठ्ठी लिहिताना माझं अक्षरसुद्धा आठवलं नाही मला. हाताला आता त्यांचंच वळण लागलंय."

इतकी वर्षं आम्ही या माणसाच्या नकला पाहून हसलो होतो. मला त्या क्षणी स्वतःच्या कानशिलात मारून घ्यावीशी वाटली.

"नवी पानं द्या," मी म्हणाले. "सोमवारी मी बोलेन. तुम्ही फक्त एक करायचं. मी कितीही मूर्ख म्हटलं तरी हो म्हणायचं."

७

सोमवारी जावईबापूंना बरोबर घेऊन मी मालकांसमोर सोळाच्या जागी सतरा प्रकरणं ठेवली.

"हे घ्या. जाळलंबिळलं काही नाही. आपण नानांना लिहायला कोरे कागद पाठवतो ना, त्याच लिफाफ्यातून? जावईबापूंनी बुधवारी चुकीचा लिफाफा आणला. घरी गेल्यावर त्यांना कळलंसुद्धा नाही."

"मग ती चिठ्ठी?"

"त्यांनीच लिहिली. सोमवारी, स्वतःला आठवण म्हणून. शेवटचं प्रकरण परवा, म्हणजे बुधवारी द्यायचं, तोवर हे कागद नानांच्या हाताशी ठेवायचे. सासऱ्यांचं बघून अक्षर काढतात, तेवढंच येतं त्यांना. शिक्का बघा, कुठं हललाय? चोरी झालीच नाही."

मालकांनी शिक्का डोळ्यांजवळ नेला. मग जावईबापूंकडे वळले. "मग तुम्ही चोरी कबूल कशाला केलीत?"

"तुमचा आवाज चढला की मला काही सुचत नाही," जावईबापू खाली मान घालून म्हणाले.

मालक एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "अहो, जावईबापूच ते! दुसरं काय करणार!" एक प्रश्न पुढं विचारला नाही. माणूस मूर्ख आहे यावर लोक जितक्या लवकर विश्वास ठेवतात, तितक्या लवकर कशावरच ठेवत नाहीत. मालकांनी टायपिस्टची माफी मागितली, जरा घाईत, पण मागितली.

सतरावं प्रकरण मी त्या दुपारी वाचलं. खुनी कोण ते इथं सांगणार नाही. पण घड्याळजीची बायको बंद पडलेली घड्याळं एकेक करून गिऱ्हाइकांना परत देते, त्या पानावर मला लाल पेन खाली ठेवावं लागलं.

तीन आठवड्यांनी शेवटची मुद्रितं आणायला मी नानांकडे गेले. छापण्यापूर्वी लेखकानं प्रत्येक पान पाहून द्यायचं असतं. ती आदल्या दिवशीच पाठवली होती. नानांनी गठ्ठा मांडीवर ठेवला होता आणि कानावर पेन्सिल होती. जावईबापू औषधाची गोळी घेऊन उभे होते.

"शोधकबाई, एक चूक राहिली तुमच्याकडून," नाना म्हणाले.

"शक्य नाही. कुठं?"

त्यांनी पहिलंच पान पुढं केलं. पुस्तकाचं नाव, खाली लेखकाचं नाव. त्यांच्या नावापुढं त्यांनी शब्द गळल्याची खूण केली होती, आम्ही करतो तशीच, आणि समासात लिहिलं होतं, 'आणि'. त्यापुढं जावयाचं नाव, आडनावासकट.

जावईबापूंच्या हातातली गोळी खाली पडली. "नाना, हे काय? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? वाचता येतं मला. घड्याळं परत देणारी ती बाई... असं मला लिहिता आलं नसतं. मी बटणवालीकडून कोडी सोडवून घेतली, रडायला कुणाला शिकवलं नाही." त्यांनी जावयाकडे पाहिलं. "तू काय समजलास, मला काहीच कळत नाही? आज सकाळपासून सगळं स्वच्छ आठवतंय. असे दिवस आता कमी येतात, म्हणून आल्या आल्या कामाला लावतो."

"पण मालकांना कळलं तर ते बटणवाली काढून घेतील."

"ते कोण घेणारे? ती माझी आहे. कुणाला द्यायची ते मी आज ठरवलंय. उद्या विचारू नकोस, उद्याचं मी सांगू शकत नाही."

जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. "शोधकबाई, खोडा ना ते. तुमच्याकडे रबर आहे."

रबर होतं. पर्समध्ये कायम असतं. पण मी तीस वर्षांत बरोबर केलेली दुरुस्ती कधी खोडलेली नाही. मी नाव दोनदा वाचलं, अक्षर न् अक्षर बरोबर आहे ना ते तपासलं, समासात बरोबरची खूण केली आणि खाली माझी सही केली.